तीस वर्षांनी पुन्हा भेट झाली आहे. आता लग्नाचा विचार करावा का?

गुलबक्षी (धागाकर्ती)

नमस्कार. या संस्थळावर मी गेली कित्येक वर्षे वाचनमात्र आहे, आणि पहिलाच धागा असा काढावा लागेल असे वाटले नव्हते. जे लिहिणार आहे ते मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेले नाही. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत, बाकी सर्व जसे घडले तसे आहे.

माझे वय 48. 1994 साली मी अकरावीत होते. आमचे घर मंगळवार पेठेत, त्याचे शिवाजी पेठेत, आणि शिकवणी दोघांची एकच. त्या काळी कोल्हापुरात दोघांनी बसून बोलायची जागा म्हणजे रंकाळा. पण संध्याकाळी निम्मे गाव तिथेच फिरायला येत असल्यामुळे लपण्याच्या दृष्टीने याहून वाईट जागा दुसरी नव्हती. म्हणून आम्ही दुपारी साडेतीनच्या उन्हात, शालिनी पॅलेसच्या बाजूच्या काठाला भेटत असू. दीड वर्षात जेमतेम वीस-बावीस वेळा भेटलो असू. बाकी सगळे चिठ्ठ्यांवर चालले. एकवीस अपेक्षित प्रश्नसंचाला घातलेल्या खाकी कव्हरच्या आत चिठ्ठी सरकवायची आणि ते पुस्तक शिकवणीत सर्वांदेखत एकमेकांना द्यायचे, अशी आमची टपालव्यवस्था होती. धाकट्या भावाने एकदा विमान करण्यासाठी ते कव्हर फाडले आणि व्यवस्था कोसळली.

जात वेगळी होती, तेवढे कारण पुरेसे होते. मारहाण किंवा आरडाओरडा काही झाला नाही. बारावीचा शेवटचा पेपर झाला त्याच आठवड्यात मला मिरजेला आत्याकडे पाठवले आणि पदवीपर्यंत मी तिथेच राहिले. 2000 साली माझे लग्न झाले. पहिली काही वर्षे पुण्यात गेली, नंतर आम्ही कोल्हापुरात परतलो आणि साने गुरुजी वसाहतीत फ्लॅट घेतला. माझा संसार चांगला होता. हे मुद्दाम लिहीत आहे, कारण अशा हकिगतींत नवऱ्याला वाईट ठरवल्याशिवाय लोकांना पुढे वाचवत नाही. ते 2016 साली हृदयविकाराने गेले. मुलगी आता पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरी मी आणि 76 वर्षांच्या सासूबाई असतो.

मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात काम करते. गेल्या वर्षी कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी आलेली एक फाइल चाळताना सही दिसली. सही मराठीत होती आणि खाली ओढलेली रेघ मध्ये दोन ठिकाणी तुटलेली होती. ती तुटकी रेघ मी खाकी कव्हरच्या आत किती वेळा पाहिली असेल याची गणती नाही. म्हणजे माणूस समोर येण्याआधी मला त्याची वार्षिक उलाढाल, त्याच्या मालाचा साठा आणि वैवाहिक स्थितीच्या रकान्यातला 'घटस्फोटित' हा शब्द कळला. उद्यमनगरात त्याचे पॅटर्न शॉप, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लागणारे नमुने तयार करायचे दुकान आहे.

तो सहीसाठी आला तेव्हा दोघांनीही ओळख दाखवली नाही. जाताना मी "कागद तयार झाले की कळवते" म्हणाले, त्यावर तो दारात थांबून म्हणाला, "कळवते? तू कळवतो म्हणायचीस." कोल्हापूरच्या मुली 'मी येतो, मी जातो' असेच बोलतात, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. पुण्यातल्या वर्षांत माझे 'येतो' कधी गळून पडले ते माझ्याही लक्षात आले नव्हते.

त्यानंतरचे वर्ष आम्ही बोलत आणि भेटत आलो आहोत. मागच्या महिन्यात त्याने लग्नाचे विचारले. मी उत्तर दिलेले नाही, त्याला कारणे दोन आहेत. मला तो आवडतो की ती दुपारी साडेतीनची वेळ आवडते, हे मला सांगता येत नाही. आणि सासूबाईंचे काय करायचे हे मला कळत नाही. त्यांची मुलगी सांगलीला असते, पण या माझ्याकडेच नऊ वर्षे राहिल्या आहेत, माझ्या सासू म्हणून. मी दुसरे लग्न केले तर त्या माझ्या कोण?

निवृत्त मास्तर

ताई, धीटपणे लिहिलेत. आपल्याच गावाचा इतिहास थोडा आठवून देतो. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा 1917 साली केला आणि आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा 1919 साली. म्हणजे तुम्हाला मिरजेला पाठवले गेले त्याच्या पाऊणशे वर्षे आधी या शहरात दोन्ही गोष्टी कायद्याने मोकळ्या झालेल्या होत्या. दसरा चौकातल्या पुतळ्याला हार घालणारे हात घरी आल्यावर मुलीची वही तपासतात, हे मी शिक्षक म्हणून तीस वर्षे पाहिले आहे आणि एक-दोनदा पालकांचा निरोप्या होऊन त्यात हातभारही लावला आहे. त्याची लाज वाटते. तुम्ही लग्न करा.

लेजर

मास्तरांची घाई समजते, पण मला आधी एक अप्रिय मुद्दा मांडायचा आहे. ग्राहकाच्या फाइलमधून त्याची वैवाहिक स्थिती वाचून तुम्ही त्या माणसाकडे वळलात. हेतू वाईट नव्हता हे मान्य, परंतु ती माहिती त्याने बँकेला दिली होती, तुम्हाला नव्हे. याहून महत्त्वाचे म्हणजे ज्याच्याशी तुमचे जवळचे नाते आहे त्याच्या कर्जाची शिफारस तुमच्या सहीने जाता कामा नये. उद्या खाते थकले तर सर्वप्रथम तुमची चौकशी होईल आणि तेव्हा खाकी कव्हरची कथा कोणीही ऐकून घेणार नाही. मी स्वतः याच क्षेत्रात होतो, म्हणून सांगतो.

गुलबक्षी

लेजर, टीका योग्य आहे. दुसऱ्या भेटीनंतरच मी शाखाधिकाऱ्यांना 'हे माझे जुने परिचित आहेत' असे लेखी देऊन ती फाइल दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवली. कारण विचारले गेले नाही. पहिल्या दिवशी मात्र मी ती फाइल कामासाठी लागते त्यापेक्षा जास्त वेळ वाचली, हे कबूल करते.

लेजर

मग मी निश्चिंत झालो. आणखी एकच सांगतो आणि गप्प बसतो. लग्न झाले तरी त्यांच्या कर्जाला जामीनदार किंवा सहकर्जदार होऊ नका. पॅटर्नचा धंदा फौंड्रीवर, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांवर चालतो आणि फौंड्री वाहन उद्योगावर; गाड्यांची मागणी घटली की उद्यमनगरातल्या शेवटच्या सुताराला ते दोन महिन्यांत जाणवते. शिवाय आता बरेचसे पॅटर्न सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर होतात. त्या गृहस्थांनी यंत्र घेतले आहे की अजून हातकामावर आहेत, एवढे विचारून घ्या. हा प्रश्न प्रेमात बसत नाही, पण संसारात बसतो.

एकदा चुकलेला

मला हा धागा वाचून रात्रभर झोप आली नाही, म्हणून लिहितो. मी याच मार्गाने गेलेलो आहे आणि परत आलेलो आहे.

माझी आणि तिची ओळख दहावीची, 1986 सालची. 2012 मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पुन्हा भेटलो, तेव्हा दोघेही एकटे होतो. सहा महिन्यांत नोंदणी पद्धतीने लग्न केले. पहिले तीन महिने आम्ही फक्त आठवणी काढत होतो. कोणत्या सरांना काय नाव ठेवले होते, स्नेहसंमेलनात कोण रडले, ती कोणत्या रंगाच्या रिबिनी लावत असे. एकेक आठवण आम्ही इतक्या वेळा सांगितली की तिचा पोत गेला. चौथ्या महिन्यात जेवताना दोघेही गप्प बसलो होतो, आणि माझ्या लक्षात आले की या बाईला भाजीत गूळ चालतो की नाही हे मला माहीत नाही. मी तिला शाळेतल्या नावाने हाक मारत होतो. त्या नावाने हाक मारणारे तिच्या आयुष्यात त्यानंतर कोणीच उरले नव्हते, कारण ती मुलगीच उरली नव्हती. पुढे माझ्या मुलाच्या शिक्षणाला मी पैसे पाठवतो यावरून खटके उडू लागले. तिचे म्हणणे चूक नव्हते. ते तिला लग्नाआधी मी सांगितलेच नव्हते. आठवणींतून फुरसत मिळाली असती तर सांगितले असते. अडीच वर्षांनी आम्ही संमतीने वेगळे झालो.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नावर एक उपाय सुचवतो. एक महिनाभर एकही जुनी आठवण न काढता भेटा. रंकाळ्यावर जाऊ नका. दळण आणा, वीजबिलाची तक्रार करा, एखाद्या आजारी नातेवाइकाला भेटून या. महिन्याअखेरीस बोलायला काही उरले तर तो माणूस तुम्हाला आवडतो.

मनकवडा

'एकदा चुकलेला' यांच्या अनुभवाला मानसशास्त्रात आधार आहे. साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी माणसाला उतारवयात सर्वांत दाट आणि ठळक आठवतात, कारण बऱ्याच गोष्टी तेव्हा पहिल्यांदा घडतात आणि 'मी कोण' हे त्याच काळात ठरत असते. त्यामुळे त्या वयातला माणूस भेटला की त्याच्यासोबत आपले त्या वेळचे रूपही भेटते, आणि कोणाच्या भेटीचा आनंद होतो आहे हे वेगळे करणे अवघड जाते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ नॅन्सी कॅलिश यांनी 1990च्या दशकात जुन्या प्रेमाकडे परतलेल्या हजाराहून अधिक व्यक्तींची माहिती गोळा केली. त्यांतल्या अनेकांचे पहिले प्रेम एकमेकांशी न पटल्यामुळे नव्हे, तर आईवडिलांच्या विरोधामुळे तुटलेले होते, आणि पुन्हा जुळलेली बरीच नाती टिकलेली होती. धागाकर्तीचे उदाहरण तसेच आहे. ते भांडून वेगळे झालेले नाहीत. मात्र त्या पाहणीत माणसे स्वतःहून पुढे आलेली होती, आणि ज्यांचे बिनसले ते अशा प्रश्नावल्या उत्साहाने भरत नाहीत. याच धाग्यावर एक गृहस्थ लिहिते झाले, हा अपवाद समजावा.

स्पष्टवक्ता

मी जुन्या विचारांचा आहे, राग मानू नये. पन्नाशीला आल्यावर, लग्नाची मुलगी घरात असताना आईने बोहल्यावर चढायचे, हे मला पटत नाही. सोबत हवी असेल तर मैत्री ठेवावी. मुलीला स्थळे बघताना पहिला प्रश्न हाच विचारला जाईल.

पुण्यातली लेक

स्पष्टवक्ता, ज्या घरात तो प्रश्न अडचण म्हणून विचारला जाईल त्या घरात मुलगी न गेलेली बरी, एवढेच तुम्हाला उत्तर देते. बाकीचे धागाकर्तीसाठी आहे.

मी तुमच्या मुलीच्या जागी होते. मी एकोणीस वर्षांची असताना आईने मला पुण्याहून बोलावून घेतले, समोर बसवले आणि 'तू हो म्हणालीस तरच मी लग्न करीन' असे सांगितले. तिला वाटले की ती मला मान देत आहे. मी हो म्हटले. त्यानंतर त्या दोघांमधल्या प्रत्येक कुरबुरीत मला वाटायचे की हे माझ्या परवानगीने चालले आहे. काकांनी आईला वेळ दिला नाही तरी अपराधी मी, आणि आईने काकांना टाकून बोलले तरी अपराधी मीच. हे ओझे उतरायला मला चार वर्षे लागली.

मुलीला विचारू नका, सांगा. 'मी असे ठरवते आहे, तुला काय वाटते ते मला ऐकायचे आहे, पण निर्णय माझा आहे.' तिला रागावण्याची मोकळीक राहील, आणि ती फार मोठी मोकळीक आहे. आणखी एक, बाबांच्या वस्तू कुठे जाणार हे तिला आधी सांगा. माझ्या बाबांचे घड्याळ मला माळ्यावरच्या डब्यात सापडले होते.

शिरोळकर काकू

मी शिरोळ तालुक्यातली. आमच्या शेजारच्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये ठराव केला की गावात कोणाचा नवरा वारला तर तिचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. वर्तमानपत्रांत नाव झाले, आम्हाला अभिमान वाटला. माझी विधवा जाऊ मात्र आजही हळदीकुंकवाला उंबऱ्याच्या अलीकडेच थांबते. कोणी अडवत नाही, तिचीच पावले थबकतात. ठरावाने दुसऱ्यांचे हात थांबवता येतात, आपले पाऊल उचलायला कोणता ठराव करावा हे मला समजलेले नाही. तुमच्या सासूबाईंच्या पिढीने हे सगळे स्वतःच्या अंगावर सोसलेले असते, म्हणून त्यांना विचारताना 'लोक काय म्हणतील' यापासून सुरुवात करू नका. त्यांचे स्वतःचे काय होईल, याची त्यांना भीती असते. म्हातारपणी माणूस आधी आपली खाट कुठे लागणार आहे ते बघते, आणि त्यात गैर काही नाही.

दसरा चौक

काकूंनी खाटेचा विषय काढला आहे, तर कायद्याचे बोलतो. मी वकिली करतो. पण हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे, कागद पाहिल्याशिवाय दिलेला सल्ला म्हणून नव्हे.

फ्लॅट पतीच्या स्वतःच्या कमाईचा व त्यांच्याच नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगी आणि आई या तिघींना सारखा, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा मिळतो. संस्थेच्या दप्तरी नामनिर्देशन तुमचे असले तरी त्याने मालकी ठरत नाही. तेव्हा सासूबाई 'तुमच्याकडे' राहतात हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने अर्धेच खरे आहे. त्या स्वतःच्या हिश्शाच्या घरात राहतात. अनेक सुनांना हे माहीत नसते आणि त्याहून अधिक सासवांना. दुसरे म्हणजे, एकदा वारसाने तुमच्याकडे आलेला हिस्सा पुनर्विवाह केल्याने जात नाही. नातेवाईक तसे सांगून घाबरवतात, त्याकडे लक्ष देऊ नका.

विवाहाबाबत सांगायचे तर दोघेही हिंदू असल्यास जात वेगळी असल्याने काहीच अडत नाही. विशेष विवाह कायदा, 1954 नुसार करायचे असेल तर दोघांपैकी एक जण जिथे किमान तीस दिवस राहत आहे त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, तीस दिवस ती लावली जाते आणि नंतर तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो. नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर पुन्हा नोटीस द्यावी लागते. त्यांच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि तुमच्या पतीचा मृत्यूचा दाखला हाताशी ठेवा.

शेवटचे, आणि लोक टाळतात ते. सावत्र मुलांना सावत्र आईवडिलांचा वारसाहक्क आपोआप मिळत नाही. दत्तक घेतले किंवा मृत्युपत्रात लिहिले तरच मिळतो. उलट, नवा पती किंवा पत्नी आपोआप वारस होते. म्हणजे तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात तर तुमच्या तृतीयांशात तुमच्या मुलीबरोबर तेही हिस्सेदार होतील, आणि त्यांच्या दुकानात त्यांच्या मुलाबरोबर तुम्ही. दोघांनीही लग्नाच्या आधीच्या आठवड्यात मृत्युपत्रे करावीत. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करावी. मंगल प्रसंगी अमंगळ बोललो, परंतु माझ्याकडे येणारी निम्मी भांडणे हे न केल्यामुळे आलेली असतात.

गुलबक्षी

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लावले, कारण 'एकदा चुकलेला' यांनी सांगितलेले खरोखरच करून पाहिले.

त्याला हा नियम सांगितला तेव्हा तो हसला, पण पाळला. एका रविवारी आम्ही लक्ष्मीपुरीत कडधान्य घ्यायला गेलो. तो मसुराची मूठ घेऊन दाणा दाणा बघतो, दुकानदाराशी भाव करतो आणि शेवटी मागितली तेवढीच किंमत देतो. मला याचा संताप आला. मी भाव करत नाही, दुकान बदलते. दुसऱ्या खेपेस त्याच्या मावशीला रुग्णालयात भेटलो. तिथे तो फार वेळ बसू शकत नाही, दर दहा मिनिटांनी बाहेर जाऊन येतो, हे पाहिले. त्याला मधुमेह आहे आणि तो गोळ्या वेळेवर घेत नाही. त्याचा सोळा वर्षांचा मुलगा आईकडे असतो आणि दर महिन्याला त्याला पैसे जातात; किती, ते मी विचारले आणि त्याने सांगितले. लेजर यांचा प्रश्नही विचारला. सीएनसी यंत्र तीन वर्षांपूर्वी घेतले आहे, हप्ते अजून दोन वर्षे आहेत.

यंत्र पाहायला म्हणून मी पहिल्यांदा त्याच्या दुकानात गेले. भिंतीला पंपाच्या आवरणाचे सागवानी पॅटर्न टांगलेले होते. हे हव्या त्या मापाचे आहेत का, असे मी विचारले, तर म्हणाला, "नाहीत, सगळे मोठे आहेत. ओतलेले लोखंड थंड होताना आक्रसते, म्हणून पॅटर्न मीटरमागे दहा मिलिमीटर वाढवून करायचा. नाहीतर हातात येतो तो तुकडा लहान पडतो." हे तो पूर्णपणे धंद्याचे म्हणून बोलत होता. मी मात्र त्यानंतर बराच वेळ गप्प होते, कारण मनकवडा यांनी लिहिलेले मला तेव्हा कळले. तीस वर्षे मी जो पॅटर्न जपला तो वाढवलेलाच असणार, आणि समोर उभा असलेला माणूस त्यापेक्षा लहान दिसणारच. मसुराच्या दुकानात तो लहान दिसला होता. पण पाच आठवड्यांच्या अखेरीस आमचे बोलणे संपलेले नव्हते. उलट नियम संपल्याचे दोघांच्याही दोन दिवस ध्यानातच आले नाही.

मुलीला मी विचारले नाही, सांगितले. ती रागावली. दहा दिवस फोनवर हो-नाहीपुरतेच बोलली. अकराव्या दिवशी तिने विचारले की बाबांची दुचाकी विकणार का. मी नाही म्हटले, ती तुझी आहे, पुण्याला पाठवते. त्यानंतर ती थोडे बोलू लागली आहे. 'पुण्यातली लेक', तुमचे ऋण मोठे आहे.

शिरोळकर काकू

आणि सासूबाई? तुम्ही सगळे लिहिले आणि तेवढेच ठेवले.

गुलबक्षी

काकू, ते शेवटी ठेवले कारण ते लिहायला जड जाते.

शनिवारी दुपारी त्या गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या तेव्हा सांगितले. आधी घराच्या तीन हिश्शांचे सांगितले, वकीलसाहेबांनी समजावले तसे, आणि मग लग्नाचे. हा क्रम काकूंमुळे सुचला. त्या शेंगा मोडत राहिल्या. म्हणाल्या, "म्हंजे ही खोली माझी हाय?" मी म्हटले, खोली नाही, तिसरा हिस्सा, पण खोली म्हणा हवे तर. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मी लग्नाला येणार न्हाई. त्येचा फोटू भिंतीवरनं काढायचा न्हाई. आणि मी सांगलीला जाणार न्हाई." त्या गडहिंग्लजकडच्या आहेत, त्यामुळे अशा वेळी आवाज चढतो, पण तो चढला नाही. मला आशीर्वाद मिळाला नाही, आणि मी तो मागितलाही नाही. आपल्या मुलाच्या जागी दुसरा माणूस त्या घरात जेवायला बसणार हे त्यांना आवडावे, अशी अपेक्षा मी कशाच्या जोरावर करू? रात्री त्यांच्या खोलीतून नाक ओढल्याचा आवाज आला, मी दाराशी गेले आणि आत न जाता परतले.

लग्नानंतर त्याने आमच्या घरी राहायला यायचे असे ठरते आहे. त्याचे शिवाजी पेठेतले घर भावाच्या कुटुंबासोबतचे आहे, त्यामुळे त्यालाही ते सोयीचे आहे. पेठेतल्या माणसाने बायकोच्या घरी राहायला जाण्याबद्दल त्याच्या तालमीत काय बोलले जाईल, तो भाग त्याने स्वतःकडे घेतला आहे. मागच्या आठवड्यात तो चहाला आला. सासूबाईंच्या पाया पडला आणि काय म्हणावे हे न कळून 'काकू' म्हणाला. त्या आत निघून गेल्या. नंतर मला म्हणाल्या की काकू म्हणायला मी काय त्याच्या चुलत्याची बायको आहे का. जावई म्हणता येत नाही, मुलगा म्हणवत नाही. मी खूप विचार केला. आपल्या भाषेत चुलतसासरे, मावससासू, आतेजाऊ, सगळ्यांना नावे आहेत, पण सुनेच्या दुसऱ्या नवऱ्याला नाव नाही.

निवृत्त मास्तर

खरे आहे. मी शब्दकोश काढून बसलो आणि हात हलवत उठलो. नाते जगात नसावे असे समाजाने ठरवले असले की भाषा त्याच्यासाठी शब्द ठेवत नाही.

एकदा चुकलेला

ताई, महिनाभराचा नियम तुम्हाला लाभला याचा आनंद आहे. आम्ही तो लग्नानंतर पाळायला गेलो, तेव्हा उशीर झाला होता. मधुमेहाच्या गोळ्यांचे मात्र मनावर घ्या.

स्पष्टवक्ता

मत बदललेले नाही. तरीही त्या माउलींना सांगलीला पाठवले नाहीत हे चांगले केलेत.

दसरा चौक

नोटीस दिलीत का? मृत्युपत्रांचे विसरू नका.

गुलबक्षी

नोटीस सोमवारी दिली. मृत्युपत्राचे मसुदे दोघांचेही झाले आहेत. त्याच्या मसुद्यात तुटक्या रेघेची सही पाहून वकिलांनी ती पुन्हा करायला सांगितली.

मास्तरांना एक कळवायचे राहिले. काल संध्याकाळी दाराची घंटा वाजली तेव्हा मी आंघोळीला गेले होते. दार सासूबाईंनी उघडले आणि तिथूनच मला हाक मारून सांगितले, "ते पॅटर्नवाले आल्यात." मी बाहेर येईपर्यंत तो बाहेरच्या खोलीत फोटोखालच्या खुर्चीवर अवघडून बसला होता, आणि त्या त्याला विचारत होत्या की देवघराचे दार घासते, ते तासून मिळेल का.